दावा, कैफियत आणि मधली बातमी

आमच्या भागातल्या शाळा मंडळाने इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट आणि टिकटॉक चालवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावल्याची बातमी मला कॅनडातल्या मिसिसागामध्ये राहूनही आधी नाशिकहून कळली. २०२४ चा मार्च संपत आला होता. पंचवटीतल्या मामांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एका मराठी दैनिकाचे कात्रण टाकले. मथळ्यात 'दणका' हा शब्द होता, शेजारी अब्जावधी डॉलरचा आकडा होता आणि फोनमध्ये डोके खुपसून बसलेल्या एका मुलीचे छायाचित्र होते. खाली मामांनी लिहिले होते, "अगं, निकाल इतक्या लवकर लागला कसा? आमच्याकडे एवढ्या वेळात समन्सही बजावून होत नाही."

मामा नाशिकच्या जिल्हा न्यायालयात कारकून म्हणून पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. त्यांचा प्रश्न अर्थातच खोचक होता, कारण निकाल लागलाच नव्हता. टोरांटोचे सार्वजनिक मंडळ, टोरांटोचे कॅथलिक मंडळ, ओटावा-कार्लटन मंडळ आणि मिसिसागा, ब्रॅम्प्टन व कॅलेडन यांचे मिळून असलेले आमचे पील मंडळ, अशा चार मंडळांनी ऑन्टारिओ प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयात दावे दाखल केले होते, इतकेच. या कंपन्यांनी आपली ॲप मुलांना सोडवणार नाहीत अशा रीतीने बेफिकिरीने घडवली, त्यामुळे मुलांची विचार करण्याची, वागण्याची आणि शिकण्याची पद्धतच बदलली आणि त्याचा भार शाळांवर पडला, असे मंडळांचे म्हणणे आहे. चारही दाव्यांत मिळून मागितलेली भरपाई ४ अब्ज कॅनेडियन डॉलरहून अधिक होती. मागितलेली; मिळालेली नव्हे. निकाल बाजूने लागला तरच वकिलांना मोबदला मिळेल, असाही करार होता. ज्या दाव्याचा खर्च वादीच्या खिशातून जात नाही, त्यात मागणीचा आकडा लहान ठेवण्याचे फारसे कारण उरत नाही, हे वाचकाला तिथेच सांगायला हवे होते. त्या कात्रणात ते नव्हते.

येथील इंग्रजी वृत्तपत्रांत अशा बातमीच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असते: यातील कोणताही आरोप न्यायालयात सिद्ध झालेला नाही. ते इतके नेमाने आणि इतके तळाशी येते की, औषधाच्या खोक्यावरच्या बारीक अक्षरांसारखे ते वाचले जात नाही. मराठीत येताना तर ते बहुधा गळूनच पडते, आणि 'असा आरोप आहे' याचे 'असे उघड झाले आहे' होते. भाषांतर करणाऱ्याने खोटे काही लिहिलेले नसते; क्रियापद तेवढे बदललेले असते.

मला ही बातमी नाशिकहून का कळली, याचेही एक कारण आहे आणि ते या विषयाच्या अगदी मुळाशी आहे. कॅनडाच्या संसदेने जून २०२३ मध्ये ऑनलाइन न्यूज ॲक्ट संमत केला. वृत्तसंस्थांच्या बातम्या ज्यांच्या मंचावर दिसतात त्या मोठ्या कंपन्यांनी वृत्तसंस्थांना मोबदला द्यावा, असा त्याचा आशय होता. गुगलने पुढे वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले. फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाने मात्र १ ऑगस्ट २०२३ पासून कॅनडात या दोन्हींवरून बातम्या हटवण्यास सुरुवात केली. म्हणजे इन्स्टाग्रामविरुद्धच्या दाव्याची बातमी कॅनडातल्या इन्स्टाग्रामवर दिसत नाही, अशी ही गंमत आहे.

याचा दुसरा अर्थ असा की, या खटल्यांची बातमी देणारी वृत्तपत्रे स्वतः प्रतिवादीशी पैशावरून भांडत आहेत. त्यांच्या जाहिरातींचे उत्पन्न याच कंपन्यांकडे गेले. हा कायदा व्हावा म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये येथील अनेक वृत्तपत्रांनी आपले पहिले पान कोरे छापले होते. हा त्यांचा हक्क आहे आणि मला त्यांची बाजू बरीचशी पटतेही. पण मुलांच्या मानसिक आरोग्याची बातमी लिहिताना 'आमचाही या कंपनीशी वाद सुरू आहे' ही एक ओळ लिहिलेली मी अपवादानेच पाहिली. ऑस्ट्रेलियातही हेच घडले. मेटाने मार्च २०२४ मध्ये तेथील वृत्तसंस्थांशी असलेले करार पुढे चालू ठेवणार नसल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी एका मोठ्या वृत्तसमूहाने मुलांना समाजमाध्यमांपासून दूर ठेवण्याची मोहीम आपल्या पानांवर चालवली. नोव्हेंबरमध्ये तेथे सोळा वर्षांखालील मुलांच्या खात्यांवर बंदी घालणारा कायदा झाला. मोहीम करारामुळे निघाली असे मी म्हणत नाही, कारण पालकांची चिंता खरीच होती. पण गावकीच्या पंचायतीत पंचाची आणि एका पक्षकाराची शेतजमीन लागून असेल, तर ते आधी सांगण्याची आपल्याकडे रीत आहे.

माझा कल कोणीकडे आहे, हेही मग सांगायला हवे. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे आणि रात्री तिच्या हातातून फोन काढून घेणे हे आमच्या घरातले रोजचे महाभारत आहे. हे दावे शाळांनी जिंकावेत असे मला आई म्हणून वाटते. म्हणूनच मला सोयीची बातमी मी दोनदा तपासते. दुसरी बाजू तपासायला कंपन्यांकडे पगारी माणसे आहेत.

याच कंपन्यांवर अमेरिकेतही लावलेल्या अशाच खटल्यांच्या बातम्यांत वादीच्या बाजूचा हा कल अधिक ठळक दिसतो. २०२१ मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली, तेव्हा 'इन्स्टाग्राममुळे तीनपैकी एका मुलीला स्वतःच्या शरीराविषयी अधिक वाईट वाटते' हे वाक्य जगभर गेले आणि आजही प्रत्येक खटल्याच्या बातमीत ते भेटते. मूळ पाहणीतला ३२ टक्क्यांचा आकडा, ज्या मुलींना आधीच आपल्या शरीराविषयी वाईट वाटत होते त्यांच्यापुरता होता. कंपनीने हे दाखवून दिले, तेव्हा ती सारवासारव ठरली; आणि ती सारवासारव होतीही, कारण आधीच खचलेल्या मुलीला अधिक खचवणे हा काही बचाव नव्हे. पण 'सगळ्या मुलींपैकी' आणि 'त्या मुलींपैकी' यांत जो फरक आहे, तो बातमीत राहायला हवा होता.

त्याचप्रमाणे मे २०२३ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबाबत सरकारतर्फे जनतेला सल्ला देणारे अधिकारी, विवेक मूर्ती यांनी समाजमाध्यमे मुलांसाठी पुरेशी सुरक्षित आहेत असे म्हणता येत नाही, असा इशारा दिला. 'भारतीय वंशाचे' असल्यामुळे ती बातमी आपल्याकडेही गाजली आणि मला ती पाच जणांनी पाठवली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या संस्थेच्या समितीने, समाजमाध्यमांमुळे संपूर्ण लोकसंख्येच्या पातळीवर किशोरवयीनांच्या आरोग्यात बदल होतो, या निष्कर्षाला उपलब्ध अभ्यासांचा आधार मिळत नाही, असे म्हटले. ती बातमी मला कोणीही पाठवली नाही. ही दोन विधाने एकमेकांना खोडतही नाहीत. सुरक्षित असल्याचा पुरावा नसणे आणि सर्वांना अपाय होत असल्याचा पुरावा नसणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मथळ्यात मात्र त्यांतली एकच मावते.

न्यायालयाच्या आदेशांचेही असेच होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी कंपन्यांची दावे फेटाळण्याची मागणी बव्हंशी अमान्य केली, आणि 'कंपन्यांना झटका' असे सर्वत्र छापून आले. आदेश वाचला तर चित्र मिश्र आहे. वयाची खातरजमा, पालकांसाठीची नियंत्रणे, खाते बंद करण्यातल्या अडचणी हे मुद्दे पुढे चालू शकतात असे न्यायाधीशांनी म्हटले. परंतु न संपणारी फीड आणि गुंतवून ठेवणारे अल्गोरिदम, म्हणजे आपण पालक ज्याला सर्वांत जास्त दोष देतो तेच, इतरांनी टाकलेल्या मजकुरासाठी मंचाला जबाबदार न धरणाऱ्या, १९९६ च्या कायद्यातील कलम २३० च्या संरक्षणात येते असेही त्यांनी नमूद केले.

एक भर मराठीनेही घातली आहे. 'ॲडिक्शन' या इंग्रजी शब्दासाठी आपण सरसकट 'व्यसन' लिहितो. आपल्या कानाला व्यसन म्हटले की दारू, तंबाखू आणि जुगार आठवतो, आणि दोष आपोआप व्यसनी माणसाकडे, म्हणजे येथे मुलाकडे जातो. समाजमाध्यमांच्या व्यसनाला अजून रोगांच्या अधिकृत वर्गीकरणात जागा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जागा दिली आहे ती गेमिंगला. शिवाय या दाव्यांचा सगळा रोख वस्तू घडवणाऱ्याकडे आहे, वापरणाऱ्याकडे नाही. 'व्यसन' शब्दाने वादीची बाजू घेतल्यासारखी वाटते आणि प्रत्यक्षात प्रतिवादीचे काम होते.

उलट बाजूचा कलही आहे, पण तो आळसाचा आहे. स्नॅपने म्हणायचे की आमचे ॲप थेट कॅमेऱ्यावर उघडते, टिकटॉकने म्हणायचे की अठरा वर्षांखालील मुलांना आम्ही ६० मिनिटांची मर्यादा लावली आहे, आणि बातमीदाराने ते जसेच्या तसे उतरवून समतोल साधल्याचे समाधान मानायचे. ती मर्यादा मुलाला पासकोड टाकून ओलांडता येते, हे विचारायला एक फोन पुरला असता.

त्या जुलैत आम्ही नाशिकला आलो. गोदावरीला पाणी चढलेले होते आणि पाणी पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, एवढ्यावरच गटावरची चर्चा चालू होती. मी मामांसाठी दाव्याची छापील प्रत नेली होती. त्यांनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि दोन दिवस ती वाचली. इंग्रजी अडले तिथे माझ्या मुलीला हाक मारली. तिसऱ्या दिवशी प्रत परत दिली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक परिच्छेदाच्या समासात, कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, लिहितात तसे, बारीक अक्षरांत लिहिलेले होते: 'मजकूर खरा नाही, सबब कबूल नाही.'

"मामा, तुम्ही कंपनीची बाजू घेतलीत?" मी विचारले.

"बाजू नाही घेतली. त्यांचा वकील हेच लिहिणार, ते आधी लिहून पाहिले," ते म्हणाले. "पण या चार ठिकाणी मला लिहिता आले नाही. ही बघ." त्या चार परिच्छेदांपुढे त्यांनी फुल्या मारल्या होत्या. एक फुली माझ्या मुलीने मारली होती, आणि ती कोणत्या परिच्छेदापुढे हे तिने मला अजून सांगितलेले नाही.