मेरू बेतिरी: जावाच्या वाघाच्या शेवटच्या जंगलात

वाघ दिसेल या आशेवर मेरू बेतिरीला जाऊ नका. इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या पूर्व भागात, दक्षिण किनाऱ्यावरच्या या जंगलात १९७६ साली तीन ते पाच वाघांचे ठसे मिळाले होते. १९७९ नंतर खात्रीची एकही नोंद नाही. पुढे कॅमेरा ट्रॅप लावले, त्यांतही वाघ आला नाही. तरीही मी गेलो, कारण एक अख्खी उपजात जिथे संपली ते जंगल मला बघायचं होतं.

सुराबायापर्यंत विमान, तिथून रेल्वेने बान्युवांगीच्या बाजूला, मग जाजाग गावातून जीप. पेसांगारान, सारोंगान, राजेगवेसी करत सुकामाडेला पोचायचं. शेवटचा टप्पा दगडधोंड्यांचा आणि मध्ये नदी आडवी. पाणी चढलेलं असेल तर ड्रायव्हरला घाई करू नका, तो थांबतो ते बरोबरच असतं. मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ सोयीचा. रोख रुपिया जाजागमध्येच काढून ठेवा आणि फोनच्या रेंजवर विसंबू नका. शाकाहाऱ्यांनी टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि टोफूवर निभावून न्यावं, पण चटणीत ‘तेरासी’ आहे का ते आधी विचारावं, ती सुकवलेल्या कोळंबीची असते.

या वाटेवर सगळ्यात जास्त काय दिसतं, तर रबर आणि कोकोचे मळे. वाघ कसा गेला ते इथेच समजतं. बेटावर माणसं वाढली, सपाटीवरचं रान कापून साग, कॉफी, रबर आलं. उरलेल्या वाघांना लोकांनी विष घातलं. १९६० च्या दशकात रोगाने रुसा हरणं मेली आणि राखीव जंगलांतही वाघाला सावज उरलं नाही. १९६५ च्या राजकीय धामधुमीत सशस्त्र टोळ्या याच जंगलांत शिरल्या, त्यांनी राहिलेले वाघ मारले. मेरू बेतिरीला १९७२ मध्ये वन्यजीव अभयारण्याचा दर्जा मिळाला. फार उशीर झाला होता.

ओढ्याकाठच्या ओल्या मातीत वाटाड्याने एक ठसा दाखवला. नखांच्या खुणा नाहीत, चार बोटं, मागे गादी. त्याने शेजारी आपला पंजा टेकवला: ठसा तळहाताएवढाही नव्हता. ताडोबात वाघाचे ठसे पाहिलेल्या माणसाला शंका येण्यासारखं काही नव्हतं, तो बिबट्याच. जावात बिबटे अजून आहेत, काळेही. अंधारात ओझरतं दिसलेलं जनावर वाघ म्हणून गावभर होतं ते असंच. जावाच्या पश्चिम टोकाच्या उजुंग कुलोन उद्यानात २०१७ मध्ये बांतेंग (तिथलं रानगुरू) खाताना टिपलेल्या जनावराचंही तेच, तो बिबट्या असल्याचं जाणकारांनी सांगितलं.

अफवांना नवं बळ मिळालं ते पश्चिम जावातल्या सुकाबुमीकडच्या एका केसाने. २०१९ मध्ये कुंपणावर सापडलेला हा केस बोगोरच्या संग्रहालयातल्या १९३० च्या नमुन्याशी ताडून पाहिला गेला आणि २०२४ मध्ये तो जावाच्या वाघाचा असल्याचा निबंध आला. पण इतर संशोधकांनी त्यातल्या डीएनएवर गंभीर आक्षेप घेतले. मला स्वतःला एका केसावर विश्वास ठेवायला आवडलं असतं. पण फोटो नाही, विष्ठा नाही, मारलेलं सावज नाही, तोवर तो वाघ मेलेलाच धरायला हवा. ही आशा फार गोड आहे, आणि ती धरून बसलं की उरलेल्या बिबट्याकडे, बांतेंगकडे लक्ष जात नाही.

‘वाघाची जागा दाखवतो’ म्हणून कोणी जास्तीचे पैसे मागितले तर देऊ नका. ठसा दिसलाच तर शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून वरून सरळ फोटो काढा, जागा लिहून घ्या आणि वनकार्यालयात दाखवा. सोशल मीडियावर ठिकाण टाकू नका, बिबट्यालाही शिकारी असतात.

रात्री सुकामाडेच्या किनाऱ्यावर हिरवी समुद्री कासवं अंडी घालायला येतात, तेवढ्यासाठी एक मुक्काम ठेवा. रक्षकाशिवाय वाळूत उतरायचं नाही, पांढरा टॉर्च आणि फ्लॅश बंद, आणि कासवाच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. परवानगी आणि शुल्काचे नियम बदलतात, म्हणून निघण्याआधी उद्यानाच्या कार्यालयात विचारून घ्या.