तरोट्यानं चुगली केली

गिट्टीखदान म्हटलं की नागपूरच्या माणसाला काटोल रोड आठवतो, पोलीस स्टेशन आठवतं, पण नावातच गिट्टीची खदान आहे हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. शहर वाढत गेलं आणि खदान नावापुरती उरली. माझं मात्र रोजचं पोट खदानीवरच आहे, सर्व्हे करायचा, माइन प्लॅनचे नकाशे काढायचे. मागच्या आठवड्यात जरा उलटं काम आलं, खदानीसाठी जमीन घ्यायची नव्हती, खदानीतून सोडवायची होती.

हिंगण्याच्या पलीकडं एक गिट्टी खदान आहे. लीज २ हेक्टरची, त्यातले उत्तरेकडचे ७० आर (एक आर म्हणजे १०० चौरस मीटर) कधी खोदलेच नाहीत. जमीन एका काकांची, लीज एका क्रशरवाल्या भाऊची. काकांना तिथं संत्रा लावायचा आहे, पण सातबाऱ्यावर लीजची नोंद आहे म्हणून कर्जाचं विचारलं की बँकवाले पुढच्या महिन्यात या म्हणतात. भाऊलाही ते ७० आर नकोच, तिकडं वर मुरूमच इतका जाड की खालचा काळा दगड काढायला परवडत नाही. म्हणजे दोघंही राजी. अडलं फक्त एका शब्दावर, तो शब्द म्हणजे "अबाधित". म्हणजे या तुकड्यातून मुरूम गेला नाही, माती ओढली नाही, ढीग टाकला नाही, ट्रकसुद्धा फिरला नाही, असं पाहून लिहून द्यायचं.

ऐकायला सोपं वाटतं ना? पण बाप्पा, खड्डा असला तर टेप लावता येतो, लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली, सगळं फुटात, भागिले १००, झाले ब्रास. काहीच झालं नाही हे मोजायचं कशानं?

मी यात एकदा तोंडावर पडलेलो आहे म्हणून सांगतो. ४ वर्षांपूर्वी अशाच एका कामात घरबसल्या सॅटेलाइटचे जुने फोटो पाहिले, सगळीकडं हिरवंगार दिसलं, दिलं लिहून अबाधित. पुढं त्या शेतकऱ्यानं नांगर घातला तर वीतभर मातीखाली खदानीतला सगळा टाकाऊ मुरूम पसरवलेला निघाला. फोटो पावसाळ्यानंतरचा होता आणि गवत तर कशावरही उगवतं. तो माणूस मला काही बोलला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तर यावेळी सकाळी ७ लाच पोचलो, थंडी होती, वाटेत तर्री पोहे झालेले. भाऊ, काका, तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण गावात कोण म्हणते) आणि माझा पोरगा, म्हणजे असिस्टंट, डीजीपीएस घेऊन. हातातला साधा जीपीएस तीन-चार मीटर इकडंतिकडं दाखवतो, त्याच्यावर हद्द ठरवली की भांडण ठरलेलंच.

आधी मशीन बाजूला ठेवून नुसतं फिरलो. पश्चिमेकडून सुरुवात केली, तिकडं कुसळी गवत, बोरीची झुडपं, दोन पळस, आणि कमरेएवढं एक वारूळ. वारूळ दिसलं की मला बरं वाटतं, जेसीबी फिरलेल्या जागी एवढं मोठं वारूळ उभं राहत नाही. मग दगड पाहायचे. वर्षानुवर्षं एका जागी पडलेल्या दगडाची वरची बाजू काळपट असते, त्यावर दगडफुलासारखे राखाडी चट्टे असतात आणि खालच्या बाजूला माती चिकटून ती लालसर झालेली असते. पाच-सहा उलटून पाहिले, सगळे जिथल्या तिथं होते. लाल बाजू वर आणि चट्टे खाली असते तर समजायचं की कोणीतरी ढकललाय.

पूर्वेच्या कडेला आलो आणि गवत एकदम संपलं. तिथं सरळ पट्टाच्या पट्टा तरोटा (तिकडं टाकळा म्हणतात तो), वाळलेला, शेंगा वाजत होत्या. पावसाळ्याच्या सुरुवातीला आपण याची भाजी खातो ती गोष्ट वेगळी, पण तरोटा आणि गाजरगवत हे उकरलेल्या, दाबलेल्या जागेचे पहिले भाडेकरू. इतका सरळ तरोटा आपोआप उगवत नाही.

"सब्बल आण रे," म्हटलं. भाऊ लगेच म्हणाला, "अरे सर, तिथं काही नाही, जनावरं बसतात." पश्चिमेला आधी एक खड्डा घेतला होता, त्यात वर काळी भुरकट माती, त्यात मुळं, मग हळूहळू पिवळट होत मुरूम, दोघांच्या मधे रेघ ओढता येत नव्हती. इथं मात्र चार बोटं माती आणि खाली एकदम, सुरीनं कापल्यासारखी, चुरी, म्हणजे क्रशरमधला दगडाचा भुगा, आणि बारीक गिट्टी, अशी घट्ट की सब्बल टणटण वाजली.

काका इतका वेळ गप्प होते. खाली बसून त्यांनी मूठभर चुरी उचलली. "हौ, आता आठवलं मले. बुढी गेली त्या साली याचे ट्रक इकूनच जाऊन राहिले होते. पावसात तिकडचा रस्ता फसला होता ना." भाऊ मोबाइल पाहत होता.

भाऊनं मुद्दाम लपवलं असं मला वाटत नाही, एका पावसाळ्याची वाट होती, तो विसरलाच असेल. पण पट्टा भरला ५० मीटर लांब, ६ मीटर रुंद, म्हणजे ३ आर गेले.

दुसरी गोम नकाशावर निघाली, आणि ही कोणाच्याच डोक्यात नव्हती. खाणीच्या हद्दीपासून ७.५ मीटर जागा न खोदता सोडावी लागते. आजवर हद्द लांब उत्तरेला होती तर प्रश्नच नव्हता. आता ७० आर सोडले की हद्द सरकून खदानीच्या खड्ड्याजवळ येते, आणि आम्ही मोजलं तर खड्ड्याची कड नव्या रेघेपासून फक्त ४ मीटरवर. म्हणजे सोडल्या क्षणी खदान नियमाबाहेर. मग रेघ साडेतीन मीटर उत्तरेला घ्यावी लागली, १४० मीटर लांबीवर ते झाले जवळपास ५ आर. इथं जमीन एक कणभरही हललेली नाही, तरी सुटत नाही.

काकांना हे समजावताना माझीच दमछाक झाली. ते म्हणाले, "म्हणजे खराब केली ते बी गेली अन् चांगली हाये ते बी गेली?" काय सांगणार. चुरीच्या पट्ट्याचं तरी होण्यासारखं आहे, भाऊनं चुरी उचलायची, माती टाकायची, मग एका पावसाळ्यानंतर पुन्हा पाहणी. ५ आर मात्र खदान चालू आहे तोवर लीजमध्येच.

बोनेटवर कागद ठेवून पंचनामा लिहिला, ६२ आर, चतुःसीमा, सब्बलीनं घेतलेल्या खड्ड्यांचे फोटो. सही करताना काकांनी विचारलं, ६२ आरमध्ये संत्र्याची किती झाडं बसतील. ६ मीटरवर लावली तर पावणेदोनशेच्या आसपास, म्हटलं. त्यांनी बोटांवर काहीतरी हिशोब केला आणि भाऊला म्हणाले, "माती कवा टाकतं, ते सांग आता."

भाऊ म्हणाला, सोमवारी जेसीबी पाठवतो. मी सोमवारी फोन करणार आहे.