दुसरी रॅम दिसू लागली, आणि ‘ब्रँडेड की असेंबल्ड’ हा हिशेब पुन्हा बदलला

भाच्यासाठी जुळवत असलेल्या संगणकात रॅमच्या दोन स्टिक लावूनही निम्मीच रॅम दिसते, या प्रश्नावर मागील नोंद थांबली होती; तो सुटला आहे: बायोसमध्ये (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) आता १६ जीबी दिसतात आणि त्याखाली ‘ड्युअल चॅनेल’, म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांमधले दोन्ही मार्ग चालू, असेही लिहून येते. या जुळणीचे भाग तेच आहेत, म्हणजे आय५-१२४००एफ प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४-३२०० रॅम स्टिक आणि आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड. ग्राफिक्स कार्ड, एसएसडी आणि एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा डबा) यांनी आरंभापासून काहीही कुरकूर केलेली नाही, त्यामुळे त्यांच्याविषयी आज लिहीत नाही.

लक्षण असे होते की दोन्ही स्टिक लावल्या तरी ८ जीबीच दिसत, आणि एकटी स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली तर पडद्यावर काहीच न येता बोर्डावरचा रॅमचा दिवा जळत राही. पहिल्या स्लॉटमध्ये मात्र दोन्ही स्टिक आळीपाळीने मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्राममधून निर्दोष बाहेर पडल्या. एच६१० वर प्रत्येक चॅनेलला एकच स्लॉट असतो, म्हणून दुसरा स्लॉट बंद म्हणजे अख्खे दुसरे चॅनेल बंद. सीमॉस क्लिअर केला (बोर्डाची साठवलेली सेटिंग पुसली), बायोस नवे टाकले, स्लॉट साफ केला. काही उपयोग झाला नाही. महात्मा गांधी रोडवरच्या दुकानदाराने, ‘बोर्ड द्या, कंपनीला पाठवून देतो,’ असे सुचवले. परंतु सॉकेटमधील, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेतील, पिन वाकलेली निघाली तर कंपन्या सहसा वॉरंटी नाकारतात, तेव्हा बोर्ड हातातून सोडण्यापूर्वी पिना स्वतः पाहणे आवश्यक होते.

त्यासाठी सराफ बाजारातून दागिने पारखण्याचे दहापटीचे भिंग आणले, आणि या छंदासाठी घेतलेल्या सर्व हत्यारांत मी त्याला आता चुंबकी स्क्रूड्रायव्हरच्या खालोखाल स्थान देतो. मोबाइलचा प्रकाश तिरपा धरला की सॉकेटमधील १७०० पिनांच्या रांगा एकसारख्या चमकतात आणि वाकलेली पिन वेगळ्या चमकेमुळे लगेच नजरेत भरते. येथे एकही वाकडी नव्हती. मग विचार उलट्या बाजूने केला. रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर बोर्डावर नसतो, तो प्रोसेसरच्या आत असतो. म्हणजे स्टिक, स्लॉट आणि बोर्डावरचे मार्ग जरी ठीक असले तरी प्रोसेसरचा तळ आणि पिना यांचा स्पर्श एका कोपऱ्यात जरी सैल राहिला, तरी नेमके एक चॅनेल गायब होऊ शकते. या बोर्डावरच्या एलजीए१७०० सॉकेटचा प्रोसेसर ३७.५ बाय ४५ मिलिमीटर, म्हणजे लांबट आहे, आणि सॉकेटची पकड त्याला मध्यभागीच दाबते. त्यात वरून कूलरचा दाब एका बाजूला अधिक पडला, तर या स्पर्शावर परिणाम होणारच.

संशय कूलरवर गेला तो असा. प्रोसेसरसोबत येणारा इंटेलचा कूलर उन्हाळ्यात फार आवाज करेल आणि नाशिकचा पारा चाळिशीला टेकला की कमी पडेल, या भीतीने मी स्वस्तातला टॉवर (उंच, उभा) कूलर बसवला होता. बोर्डाच्या मागून त्याला धरणारी पट्टी ‘सर्व सॉकेटांना चालते’ अशी आहे. इंटेलच्या जुन्या ११५एक्स आणि १२०० सॉकेटांसाठी कूलरच्या छिद्रांमधील अंतर ७५ मिलिमीटर असे, एलजीए१७०० मध्ये ते ७८ झाले. म्हणून या पट्टीला लांबट छिद्रे दिली आहेत आणि बोल्ट योग्य जागी अडवण्याचे काम एका प्लास्टिकच्या खाचेवर सोपवले आहे. ती खाच बोल्टला धरूनच ठेवत नव्हती. आवळताना एक बोल्ट आत सरकत होता आणि संपूर्ण टॉवर किंचित कलत होता. चारही बोल्ट अर्धा-अर्धा फेरा सैल केले आणि मशीन सुरू केले, तर १६ जीबी हजर. पुन्हा आवळले, तर पुन्हा ८. खात्री पटल्यानंतरही हा खेळ मी केवळ आनंदासाठी पुन्हा करून पाहिला, हे सांगायला हरकत नाही.

आता इंटेलचाच कूलर बसवला आहे, दोन्ही चॅनेल शाबूत आहेत आणि मेमटेस्टही स्वच्छ आहे. १२४००एफ च्या वीजवापराची मूळ मर्यादा ६५ वॅट आणि टर्बोची, म्हणजे वेग वाढवल्यावरची, कमाल ११७ वॅट असली, तरी गेम खेळताना तो सहसा त्या टोकाला जात नाही, त्यामुळे पंख्याचा वेग बायोसमधून थोडा खाली आणल्यावर आवाजही सहन होतो. टॉवर कूलर घ्यायचाच असेल, तर १७०० साठी वेगळी पट्टी देणाराच घ्यावा.

दाजींचे म्हणणे पहिल्यापासून तयार मशीन घ्यावे असे होते, आणि एका चॅनेलसाठी एवढा आटापिटा पाहून त्यांनी ते पुन्हा ऐकवले. म्हणून त्यांच्यासोबत जाऊन त्यांनी हेरलेल्या ब्रँडेड मशीनचे झाकण दुकानातच उघडून घेतले. कोटेशनवर ‘आय५, १६ जीबी, ५१२ एसएसडी’ एवढेच होते. आत १६ जीबीची एकच स्टिक निघाली. म्हणजे ज्या आजाराशी मी झगडत होतो तो या मशीनला कारखान्यातूनच जडलेला होता; फक्त तेथे त्याला कोणी आजार म्हणत नाही. डीडीआर४-३२०० चे एक चॅनेल सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन मिळून ५१.२. गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या सरासरी फ्रेम पाहून हा फरक लहान वाटू शकतो, पण पडद्यावरच्या गर्दीच्या प्रसंगी बसणारे झटके त्यातूनही येऊ शकतात. शिवाय त्या मशीनचा एसएमपीएस आणि बोर्ड दोन्ही कंपनीच्या स्वतःच्या मापाचे होते आणि ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी वायर नव्हती. बोर्डावरच्या स्लॉटमधून कार्डाला कमाल ७५ वॅट मिळतात, त्यामुळे तेथे ७० वॅटच्या ६ जीबी आरटीएक्स ३०५० च्या पुढे जाता येत नाही. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट लागतात.

असे असले तरी दाजींची बाजू आज पूर्वीइतकी कमकुवत राहिलेली नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, कारण उत्पादकांनी आपली क्षमता एआय डेटा सेंटरांच्या मेमरीकडे वळवली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रुशल हा ग्राहकांसाठीचा व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले. भाववाढीपूर्वी तयार होऊन दुकानात पडून असलेल्या ब्रँडेड मशीनमध्ये जुन्या भावाची रॅम आणि विंडोजचा परवाना दोन्ही असतात. सुट्या भागांत या दोहोंचे पैसे वेगळे मोजावे लागतात. त्यामुळे आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने, बोर्ड आणि एसएमपीएस प्रमाणित मापाचे असल्याची झाकण उघडून खात्री केल्यास, जुन्या साठ्यातील तयार मशीन घ्यायला माझी हरकत नाही. दुकानदाराकडून असेंबल करून घेणे हा मधला मार्गही चांगला आहे, मात्र बिलावर प्रत्येक भागाचे मॉडेल आणि सिरियल नंबर हवेत. ‘एसएमपीएस ४५० वॅट’ एवढेच लिहिलेले बिल मी स्वीकारणार नाही.

दाजींच्या शेजाऱ्यांसाठी दुसरी जुळणीही हेच भाग घेऊन करायची, असे मागच्या नोंदीत लिहिले होते. रॅम महागल्यामुळे हे लिहिता लिहिता तो बेत बदलतो आहे. कार्यालयांतून निघालेल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये बऱ्याचदा डीडीआर४-२६६६ च्या, म्हणजे ३२०० पेक्षा हळू, स्टिक असतात, आणि असे रीफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेले) मशीन केवळ रॅमसाठी घेतले तरी ते परवडेल असे दिसते. अगदी छोट्या मशीनमध्ये लॅपटॉपची रॅम असते, ती बोर्डात बसणार नाही; सर्व्हरची रजिस्टर्ड रॅमही एच६१० वर चालणार नाही. राहिला प्रश्न २६६६ मुळे किती फटका बसेल याचा. त्यासाठी काही विकत घेण्याचीही गरज नाही: भाच्याच्या मशीनची रॅम बायोसमधून २६६६ वर उतरवून गेममधील फ्रेम मोजणार आहे, आणि त्यानंतरच रीफर्बिश्ड मशीनचा सौदा करणार आहे.