ह्यांचं भाषण

चिनूचं बरोबरच होतं. पण भाषणाच्या कागदावर लाल पेन चालवताना त्याने एकदा तरी बापाच्या तोंडाकडे बघायचं.

ह्यांनी लिहिलं होतं, 'आय ॲम वर्किंग हियर सिन्स थर्टी फोर इयर्स.' त्यात काय एवढं? लोकलचा अर्धा डबा असंच इंग्रजी बोलतो. चौतीस वर्षांपासून म्हणा नाहीतर १९९१ पासून म्हणा, आपलं 'पासून'वर भागतं. इंग्रजीत नाही भागत. सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर सिन्स, किती काळ ते सांगायचं तर फॉर. आणि काम अजून चालू असेल तर 'ॲम' नाही, 'हॅव बीन वर्किंग'. जर्मन लोकसुद्धा अशीच गडबड करतात म्हणे, त्यांच्याकडेही अशा वाक्याला साधा वर्तमानकाळच चालतो. हेही चिनूनेच सांगितलं, बाबांना बरं वाटावं म्हणून असेल. इथवर हे हसत होते.

मग तो म्हणाला, "पण बाबा, तुम्ही रिटायर होताय ना? मग हॅव बीनसुद्धा नाही. आय वर्क्ड."

हे काही बोलले नाहीत. चष्मा काढला आणि बनियनच्या टोकाने पुसत बसले. काचा स्वच्छच होत्या.

मला मात्र ते 'वर्क्ड' काही केल्या जाईना. भाजी निवडताना तेच, कुकर लावताना तेच. माणूस अजून रोज सकाळी डबा घेऊन मुलुंड स्टेशन गाठतोय, आणि कागदावर एवढासा 'ड' लावून त्याला भूतकाळात बसवून मोकळे! मग वाटलं, त्या डब्यासाठी मी अंधारात उठत आले, त्याचं काय? माझ्या चौतीस वर्षांचं भाषण कोण लिहितंय? सासूबाईंच्या आजारपणात तर... जाऊ दे. उगाचच रडू आलं, आणि नेमका तेव्हाच दूधवाला दारात.

रात्री हे कपाटातून फाइल घेऊन आले. म्हणाले, केंद्र सरकारच्या फंडामेंटल रूल ५६ मध्ये स्पष्ट लिहिलंय, साठ पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारनंतर निवृत्ती. इंग्रजीत 'ऑन द आफ्टरनून'. मी म्हटलं, 'इन' नको का? चिनू मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, नुसती दुपार असेल तर इन, अमुक दिवसाची दुपार असेल तर ऑन. सरकारचं बरोबर आहे. (सरकारला एवढं व्याकरण येतं हे मला नवीन.)

आता प्रश्न असा की भाषण तीनला आहे. तीन म्हणजे दुपारच. म्हणजे तेव्हा हे नोकरीत की बाहेर? त्यावर बापलेक अकरापर्यंत भांडले. शेवटी ह्यांनी ठरवलं की चार्ज देऊन सही होत नाही तोवर हॅव बीन, आणि सही पाचच्या आधी करायची नाही. चिनूने हात टेकले. मला हसू आवरेना.

माझं हॅव बीन तर काय चालूच राहणार, उलट आता त्यात दुपारच्या गरम पोळ्यांची भर. बायकांसाठी त्या नियमात काही आहे का, तेही मी विचारून घेतलं. ह्यांनी दोन पानं उलटल्यासारखं केलं आणि फाइल बंद केली.