किंग्स्टनमधलं ‘यार्ड’: ट्रेंच टाउन ते टिवोली

जमैकाची राजधानी किंग्स्टन. तिथल्या ट्रेंच टाउन वस्तीतलं कल्चर यार्ड सकाळी लवकर गाठा. आम्ही भर दुपारी पोहोचलो, तेव्हा पत्र्याखाली उभं राहवेना. ‘यार्ड’ म्हणजे मधे अंगण, भोवती एकेका खोलीतले संसार, नळ सामायिक, स्वयंपाकघरही सामायिक. चाळीत वाढलेल्याला हे सगळं ओळखीचं वाटतं. रेगे गायक बॉब मार्लीची उमेदीची वर्षं याच वस्तीत गेली. याच ‘यार्ड’वरून पुढे लंडनमध्ये जमैकन टोळीवाल्यांना ‘यार्डी’ म्हणू लागले. घराचा शब्द गुन्हेगाराला कसा चिकटला, ते समजून घ्यायला मी इथे आलो होतो.

उत्तर मिळालं ते कॉरोनेशन मार्केटजवळच्या टिवोली गार्डन्समध्ये. तिथे पूर्वी बॅक-ओ-वॉल ही झोपडपट्टी होती. 1960 च्या दशकात तिथले खासदार आणि मंत्री एडवर्ड सीगा यांनी ती पाडून इमारती उभ्या केल्या. घरं मिळाली ती त्यांच्या जमैका लेबर पार्टीच्या माणसांना. 1970 च्या दशकात विरोधी पीपल्स नॅशनल पार्टीचं (पीएनपी) सरकार आलं आणि ट्रेंच टाउनमध्ये आर्नेट गार्डन्स वसलं, तेही तसंच. छप्पर मतावर मिळालं, की ते राखायला बंदूक येते. अशा वस्तीला तिथे ‘गॅरिसन’ म्हणतात आणि तिथल्या म्होरक्याला ‘डॉन’. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते याने. या टोळ्या नुसत्या गरिबीतून उगवल्या नाहीत, त्यांची पायाभरणी सरकारी सिमेंटने झाली.

नॅशनल स्टेडियम बाहेरून तरी बघाच. एप्रिल 1978 मध्ये मार्लीने इथल्या मंचावर पीएनपीचे पंतप्रधान मायकल मॅन्ली आणि विरोधी पक्षनेते सीगा यांचे हात एकमेकांच्या हातात दिले होते. दोनच वर्षांनी, 1980 च्या निवडणुकीच्या वर्षात, 800 हून अधिक माणसं मारली गेली.

त्यानंतर या टोळ्यांतली बरीच पोरं परदेशी निघाली. टिवोलीतल्या ‘शॉवर पॉसी’ या टोळीने मायामी, न्यूयॉर्क, टोरांटोपर्यंत कोकेनचा धंदा पसरवला. हाती स्वतःचा पैसा आला तसा डॉनला पुढाऱ्याच्या पैशांचा आधार लागेना. उलट पुढाऱ्यालाच डॉनची गरज पडू लागली. 1992 मध्ये टिवोलीचा डॉन जिम ब्राउन तुरुंगातल्या आगीत मेला, तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेत सीगा स्वतः चालले. त्याचा मुलगा क्रिस्टोफर कोक ऊर्फ ‘डूडस’ याला खटल्यासाठी आपल्या ताब्यात द्या, असं अमेरिकेने 2009 मध्ये जमैकाला सांगितलं. तेव्हाचे पंतप्रधान ब्रूस गोल्डिंग याच मतदारसंघाचे खासदार होते. त्यांनी नऊ महिने ते टाळलं. अखेर मे 2010 मध्ये सैन्य टिवोलीत शिरलं आणि सत्तरच्या आसपास माणसं गेली. डूडस त्यात सापडला नाही. तो पकडला गेला जूनमध्ये.

आता जाणाऱ्यांसाठी. अमेरिकेमार्गे जात असाल तर नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो, तो आधी काढा. ट्रेंच टाउनला स्थानिक वाटाड्या घेऊनच जा. टिवोलीत तर ओळखीच्या माणसाशिवाय पाऊलही टाकू नका. हिरवा रंग लेबर पार्टीचा आणि नारिंगी पीएनपीचा, त्यामुळे या भागात जाताना दोन्ही रंगांचे कपडे बॅगेतच राहू द्या. निवडणुकीच्या आसपास या वस्त्यांकडे फिरकू नका. काही भागांत अधूनमधून आणीबाणी लागू होते, म्हणून निघायच्या दिवशी हॉटेलात विचारून घ्या. बाजारात सुट्टे जमैकन डॉलर जवळ असू द्या. सबायना पार्क हे क्रिकेटचं मैदान जवळच आहे. 1971 मध्ये दिलीप सरदेसाईंनी तिथे 212 धावा काढल्या होत्या, म्हणून त्यासाठी अर्धा तास काढाच.

आणि फोटो विचारल्याशिवाय काढू नका, घरांचे तर नाहीच. आमचा वाटाड्या तिशीतला, बोलका, याच वस्तीत वाढलेला. नोकरीच्या अर्जावर तो पत्ता लिहितो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या मावशीचा. खरा पत्ता लिहिला की मुलाखतीला बोलावणंच येत नाही, असं त्याने सांगितलं.