सूर्यघरचे ७८ हजार अडकतात कुठे?

सोलापुरात उन्हाची वानवा नाही. तरीही सूर्यघर योजनेतून गच्चीवर सौर पॅनेल बसून महिने लोटतात आणि अनुदान खात्यात येत नाही, असं अनेक घरांत होतं. कारण बहुतेक वेळा गच्चीवर नसतं, लाइटबिलावर असतं.

आधी रक्कम. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये मिळतात, तिसऱ्याला १८,०००. म्हणजे तीन किलोवॅटला ७८,०००. पुढे पाच बसवा नाहीतर दहा, आकडा तोच. हे पैसे नंतर थेट ग्राहकाच्या खात्यात येतात, म्हणून सुरुवातीला पूर्ण रक्कम तुम्हाला उभी करावी लागते. बँकेचं कर्जही मिळतं.

आता बिल हातात घ्या. मीटर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर आहे का? जुन्या पेठांतल्या वाड्यांत हे सर्रास दिसतं. तसं असेल तर पॅनेलची ऑर्डर देण्याआधी महावितरणकडे नावबदल करून घ्या. बिल, आधार आणि पासबुक या तिन्हींवर नाव एकसारखं हवं. एकावर ‘मल्लिनाथ’ आणि दुसऱ्यावर नुसतं ‘एम.’ असेल तरी पैसे अडकू शकतात. जोडणी घरगुतीच लागते. खाली यंत्रमाग आणि वर संसार असेल, तर मागाच्या मीटरवर हे अनुदान मिळत नाही. 

मग सूर्यघर पोर्टलवर १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करायची आणि यादीतला विक्रेता निवडायचा. १० किलोवॅटपर्यंत वेगळी तांत्रिक मंजुरी लागत नाही. पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले हवेत. माल उतरताच प्रत्येक पॅनेलच्या सिरीयल नंबरचा फोटो काढून ठेवा, कोटेशनशी पडताळा. अनुदान पॅनेल आणि इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) यांत ज्याची क्षमता कमी त्यावर मोजतात, हे अनेकांना कुणी सांगतच नाही. ५४० वॅटचे सहा पॅनेल म्हणजे ३.२४ किलोवॅट, पण इन्व्हर्टर अडीचचा असला तर ७८ ऐवजी ६९ हजारच. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) लागून तपासणी झाली की पोर्टलवर बँकेचा तपशील भरून अनुदानाची मागणी आपणच करायची असते. ही शेवटची पायरी राहून जाते, आणि लोक वाट बघत बसतात.

गच्चीवर खरी शत्रू पाण्याची टाकी. पाच फुटी टाकीची सावली डिसेंबरात भर दुपारी साडेचार फुटांवर जाते, सकाळी नऊला दहा फुटांवर. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी पूर्ण रांगेची वीज घटू शकते. म्हणून टाकी पॅनेलच्या उत्तरेला ठेवा. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, कल साधारण १८ अंश. दर किलोवॅटला १०० चौरस फूट सावलीविना जागा धरा; त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट निघतात. एप्रिल-मे महिन्यांत ऊन जास्त म्हणून वीजही त्याच प्रमाणात वाढते, हा समज चुकीचा. पॅनेल साठ अंशांपर्यंत तापतं आणि २५ च्या वरच्या प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण ०.३५ टक्क्यानं घटतं. खालून वारा खेळेल एवढी उंची ठेवायलाच हवी.

धुवायचं ते उजाडताच. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर तडा जाण्याचा धोका असतो. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग उरतात, ते सुकण्याआधी वायपरनं ओढून घ्या.

अर्थिंगचे खड्डे तीन वेगळे असतात: पॅनेलच्या बाजूचा, घराच्या विजेचा आणि आकाशातून पडणाऱ्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचा. उन्हाळ्यात मुरूम कोरडा पडतो, तेव्हा खड्ड्यांत पाणी घालत राहा. आणि लाइट गेली की साधा ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनवर चालणारा, इन्व्हर्टरही बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती सोय आहे. भारनियमनात पंखा हवा असेल तर बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागेल. बॅटरीवर अनुदान नाही.