दाराबाहेरचे दोन प्रतिनिधी

तृतीय वर्षाच्या वर्गाला म्युनिक करार, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग जर्मनीला देऊन टाकणारा करार, शिकवताना मी दर वर्षी तारखा फळ्यावर लिहून मोकळा होत असे. या वर्षी मात्र मुलांनाच त्या बैठकीला बसवायचे ठरवले. चौघांना हिटलर, मुसोलिनी, ब्रिटनचा पंतप्रधान चेंबरलेन आणि फ्रान्सचा पंतप्रधान दलादिए केले आणि चेकोस्लोव्हाकियाच्या प्रतिनिधी झालेल्या दोघींना व्हरांड्यात उभे केले. ‘सर, आम्ही आत कधी यायचं?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा ‘बोलावतील तेव्हा’ एवढेच मी सांगितले. २९ सप्टेंबर १९३८ रोजी तसेच घडले होते. ज्यांचा देश तोडायचा होता, ते हॉटेलात ताटकळत होते.

आतले काम माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर आटोपले. चेंबरलेन झालेला मुलगा वर्गातला सर्वांत समंजस. भांडण त्याला सोसत नाही. हिटलरने टेबलावर मूठ आपटली की हा नकाशावरची पेन्सिलीची रेघ आणखी थोडी आत सरकवी आणि ‘एवढ्यावर मिटेल ना?’ असे विचारी. दुष्टपणा त्याच्यात औषधालाही नव्हता. मूळच्या चेंबरलेनबद्दलही माझे मत फारसे निराळे नाही. पहिल्या महायुद्धाचा संहार पाहिलेल्या त्या माणसाला दुसरे युद्ध नको होते. फ्रान्सची गोष्ट वेगळी. त्याचा तर चेकोस्लोव्हाकियाशी मदतीचा करारच होता.

मग दोघींना बोलावून नकाशा हाती दिला. एकीने बराच वेळ रेघेवरून बोट फिरवले आणि ती म्हणाली, ‘सर, इथले तर सगळे डोंगरच गेले.’ हे मी शिकवलेले नव्हते. त्या सीमाभागात, म्हणजे सुडेटनलँडमध्ये, तीस लाखांच्या आसपास जर्मनभाषक राहत होते, एवढेच मी सांगत आलो होतो. पण त्याच डोंगररांगांत चेकांनी काँक्रीटची तटबंदी उभारली होती आणि ती न लढताच जर्मनीच्या हाती पडली. त्यामुळे १५ मार्च १९३९ रोजी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या, तेव्हा त्यांना अडवायला वाटेत काही उरलेच नव्हते. पुढे १९४० मध्ये फ्रान्सवर चालून गेलेल्या जर्मन तुकड्यांत चेक कारखान्यांत घडलेले रणगाडे होते, हे ऐकल्यावर दलादिए झालेला मुलगा मान खाली घालून बसला.

मध्यरात्र उलटल्यावर चेक प्रतिनिधींना निर्णय ऐकवला जात असताना चेंबरलेन सारखा जांभया देत होता, असे त्यांच्यापैकी मासार्झिकने नोंदवून ठेवले आहे. ते सांगेपर्यंत तास संपला. बाके रिकामी होऊ लागली, तरी दुसरी मुलगी नकाशा धरून उभीच होती. आमचे उत्तर कोणाला द्यायचे, असे तिने विचारले होते, आणि त्या रात्री चेकांकडून उत्तराची अपेक्षाच ठेवलेली नव्हती.